हुमणीला नाव देताना

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "नदीकडच्या तुकड्यातला ऊस पिवळा पडाय लागलाय. पाणी हाय, खत हाय. एक ठोंब धरून ओढला तर मुळासकट हातात आला बघ."

खाली काय असणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आमचं गाव वारणेच्या काठी आहे. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या पोराला हुमणी दाखवावी लागत नाही. मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकून पडलेली, पांढरट, लठ्ठ, तपकिरी डोक्याची, भुंगेऱ्याची अळी. एका ठोंबाखाली चार-पाच निघाल्या की ते ठोंब गेलंच म्हणायचं.

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विभागात त्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या भागातले कीटक गोळा करून त्यांचं डीएनए बारकोडिंग, म्हणजे एका ठराविक जनुकाच्या तुकड्यावरून ओळख पटवणं, करायचं ठरलं होतं. एका मैत्रिणीने चतुरासारखे टाचणी कीटक घेतले, एकाने डास. मी फुलपाखरं म्हणून नाव दिलं होतं, खरं सांगायचं तर ती सुंदर असतात एवढ्याच कारणाने. त्यातही मॅडमनी बजावलं होतं की काही फुलपाखरं आणि भुंगेरे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, चांदोलीच्या जंगलाकडे जाळी घेऊन फिरकायचंसुद्धा नाही. आप्पांचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी विषय बदलून मागितला.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हुमणी म्हणजे कोणती हुमणी?"

प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडे शेतकरी दोन हुमण्या ओळखतात, माळावरची आणि नदीकाठची. माळावरची म्हणजे होलोट्रॅकिया सेरॅटा, नदीकाठची म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की माळावरच्या हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला आणि जोडी जमवायला गोळा होतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे, हा जुना आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय. पण आप्पांनी तो पाच-सहा वर्षांपूर्वी सोडून दिला होता. "आपलं रान नदीला लागून. आपली हुमणी नदीकाठची. ती कुठं झाडावर येती?" असं ते म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं.

अळी बघून प्रजात सांगणं अवघड असतं. जाणकार अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूचे केस बघतात, त्यांची मांडणी बघतात, गुदद्वाराची चीर आडवी आहे की वाय आकाराची ते बघतात. त्यावरून उपकुळ कळतं, कधी वंशही कळतो. पण अळी लहान असेल, केस झिजलेले असतील, तर तिथेच अडायला होतं. हुमणीच्या प्रजातींची वर्णनं मुख्यतः भुंगेऱ्यांवरून झाली आहेत, आणि पिकाचा नाश करते अळी. या दोघांमधला सांधा जुळवायला बारकोड कामाला येतो, कारण अंडं, अळी, कोष, भुंगेरा काही असो, पेशीतला डीएनए तोच असतो. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली, तेव्हाही ही अळी तीच, याची खात्री करायला याच जनुकाचा आधार घेतला गेला होता.

हे जनुक आहे मायटोकॉन्ड्रियातलं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज उपघटक एक, लॅबमध्ये सगळे त्याला सीओआय म्हणतात. डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो; या जनुकाच्या सुरुवातीकडचा ६५८ अक्षरांचा तुकडा प्राण्यांच्या ओळखीसाठी सगळ्यांनी मिळून वापरावा, ही कल्पना कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडली. एकाच प्रजातीत या तुकड्यात फरक थोडा असतो, दोन प्रजातींत बहुधा त्याहून बराच जास्त.

शनिवारी गावी गेले. सकाळी आप्पा कुदळ घेऊन पुढे, मी डब्या घेऊन मागे. आमचा नदीकडचा तुकडा, शेजारच्या काकांचा खोडवा आणि गावाच्या वरच्या अंगाला माळावरचं एक रान, अशा तीन ठिकाणांहून प्रत्येकी आठ, म्हणजे चोवीस अळ्या घेतल्या. प्रत्येकीला नंबर, तारीख, रान, किती खोलीवर मिळाली ते सगळं पेन्सिलने. शाईने लिहिलं तर अल्कोहोलमध्ये पुसून जातं, म्हणून पेन्सिल. काकांनी विचारलं, "एवढ्या किड्यांचं करणार काय?" मी म्हटलं, नाव शोधणार. ते म्हणाले, "नाव कळलं की आम्हाला बी सांग."

पहिली चूक तिथेच झाली आणि तिने दीड महिना खाल्ला. कीटक डीएनएसाठी ठेवायचा तर ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं, फॉर्मेलिन अजिबात चालत नाही, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. अल्कोहोल आमच्याकडे कुलपात असतं, प्रत्येक मिलीलिटरची नोंद वहीत होते. मिळालं तेवढं मी चोवीस डब्यांत वाटून टाकलं. तिसऱ्या अवस्थेतली हुमणी अंगठ्याएवढी जाड, अंगात पाणीच पाणी, पोटात माती आणि कुजलेली मुळं. ते पाणी अल्कोहोलमध्ये उतरलं आणि त्याची ताकद गेली. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायला हवं होतं, अळीच्या अंगाला सुईने भोकं पाडून ते आत जाऊ द्यायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. आठवड्याने डबे उघडले तर अळ्या काळपट आणि मऊ झाल्या होत्या.

तरीही काम सुरू केलं. अळीचा एक पाय कापायचा. पोटाजवळ जायचंच नाही, कारण तिथे तिच्या डीएनएइतकाच तिने खाल्लेल्याचा आणि पोटातल्या जिवाणूंचाही असतो. तो पाय छोट्या ट्यूबमध्ये प्रोटीनेज के नावाच्या विकराबरोबर ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा. सकाळपर्यंत आतलं स्नायूंचं सगळं विरघळतं, पायाची पोकळ साल तेवढी तरंगत राहते. मग ते द्रावण सिलिकाच्या बारीक चाळणीतून फिरवायचं, धुवायचं, शेवटी पन्नास मायक्रोलिटर पाण्यासारखं काहीतरी उरतं. डोळ्याला त्यात काहीच दिसत नाही. तोच डीएनए.

त्यानंतर पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला करणं. वापरले ते प्राइमर, म्हणजे त्या तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, १९९४ पासून जगभर चालत आले आहेत, एलसीओ १४९० आणि एचसीओ २१९८. तापमान ९४ अंशांवर नेलं की डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात, ५० च्या आसपास उतरवलं की प्राइमर चिकटतात, ७२ वर विकर नवी पट्टी विणतं. हे एक चक्र. पस्तीस चक्रांत एका तुकड्याचे कागदावर तीन हजार चारशे कोटींहून जास्त तुकडे होतात. कागदावर म्हणते, कारण तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवणाऱ्या माझ्या पहिल्या जेलवर बारापैकी दोनच ठिकाणी नीट बँड, म्हणजे ठळक रेघ, होती. बाकी ठिकाणी वरपासून खालपर्यंत धुरकट ओघळ. डीएनए कुजून त्याचे तुकडे तुकडे झाले होते. मॅडमनी जेलकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि कपाटाची किल्ली काढून अल्कोहोलची नवी बाटली माझ्या हातात दिली.

सप्टेंबरअखेर पुन्हा चोवीस. या वेळी शेतातच प्रत्येक अळीचा पाय कापून वेगळ्या ट्यूबमध्ये टाकला, बर्फाच्या डब्यात. राहिलेली अळी वेगळ्या डबीत, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलून. प्रत्येकीच्या शेवटच्या खंडाचा सूक्ष्मदर्शकाखाली फोटो. ती उरलेली अळी टाकून द्यायची नसते, हे इथे सांगायलाच हवं. उद्या कुणी विचारलं की या अक्षरांचा धनी कोण, तर तो नंबरासकट दाखवता आला पाहिजे.

दुसऱ्या फेरीत वेगळंच झालं. जेलवर झकास बँड, सातशे अक्षरांच्या खुणेच्या बरोबर शेजारी, एकापाठोपाठ एक. मी उड्या मारायची बाकी होते. मग शेवटच्या खिडकीकडे लक्ष गेलं. तिथे मी डीएनए घातलाच नव्हता, नुसतं पाणी घातलं होतं, मुद्दाम. तिथेही बँड होता. फिकट, पण होता.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना त्या फिकट रेघेचं एवढं काय, असं वाटेल. त्या रेघेचा अर्थ असा की माझ्या पाण्यात, किंवा बफरमध्ये, किंवा पिपेटच्या नळीत कुठल्यातरी एका अळीचा डीएनए मिसळलाय. म्हणजे बाकीचे चोवीस बँडही त्या-त्या अळीचेच आहेत, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मैत्रीण म्हणाली, एवढ्या फिकट रेघेसाठी सगळं कशाला टाकतेस, पाठवून बघ. मोह झाला. पाठवलं असतं तर अक्षरं आली असती, ती नीटही दिसली असती, आणि आप्पांना मी एक नाव सांगून मोकळी झाले असते. ते नाव कुणाचं असतं ते मात्र कळलं नसतं. सगळं फेकलं. पाणी नवं, बफर नवा, टिपांचा डबा नवा, पिपेट पुसून अतिनील दिव्याखाली ठेवल्या, आणि डीएनए काढायची जागा आणि पीसीआर मांडायची जागा वेगळ्या खोल्यांत नेली. या नव्या फेरीत पाण्याची खिडकी काळीभोर राहिली. तो काळेपणा बघून जेवढं समाधान झालं तेवढं नंतरच्या कुठल्या निकालाने झालं असेल असं वाटत नाही.

चोवीसपैकी एकोणीस नमुने क्रमनिर्धारणाला, म्हणजे अक्षरं ओळीने वाचून घ्यायला, गेले. हे काम आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेला पैसे देऊन करून घेतो, पद्धत अजूनही तीच, फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ साली दिलेली. दोन आठवड्यांनी ईमेलवर फाइली आल्या. उघडलं की रंगीत शिखरांची रांग दिसते, ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. सुरुवातीची आणि शेवटची पंधरा-वीस शिखरं एकमेकांत गुंतलेली असतात, ती छाटायची. दोन्ही दिशांनी वाचलेले क्रम एकमेकांवर ठेवून तपासायचे. कीटकांच्या या जनुकात ए आणि टी भरपूर, त्यामुळे सलग टी-टी-टी-टी आले की शिखरं चिकटतात आणि ते आठ आहेत की नऊ याचा निवाडा डोळ्यांनी करावा लागतो. एका नमुन्यात प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं होती. तो बाजूला ठेवला. उरले अठरा.

मग आणखी एक परीक्षा. या अक्षरांचं प्रथिनात भाषांतर करून बघायचं, मध्येच थांबा असा संकेत आला तर ते खरं जनुक नसून केंद्रकात जाऊन पडलेली त्याची निकामी नक्कल असू शकते. माझ्या पहिल्याच क्रमात पाच-सहा थांबे आले. रात्रीचे अकरा वाजले होते, वसतिगृहाच्या खोलीत मी पार खचले. सकाळी मॅडमनी स्क्रीन बघून विचारलं, "कोणता तक्ता लावलायस?" मी नेहमीचा लावला होता. कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियाची लिपी थोडी निराळी असते, नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, इथे तेच ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. पाच नंबरचा तक्ता लावला आणि सगळे थांबे नाहीसे झाले.

आता नाव. जगभरातल्यांनी जमा केलेल्या क्रमांच्या डेटाबेसमध्ये माझा क्रम टाकला, काही सेकंदांत यादी आली. अठरापैकी बहुतेक दोन गटांत पडत होते, आणि पहिल्या गटाला सर्वांत जवळच्या नोंदींमध्ये होलोट्रॅकिया सेरॅटा होतं. पण त्याच यादीत, जवळपास तितक्याच जुळणीने, एका नोंदीवर नुसतं वंशाचं नाव होतं आणि आणखी एकीवर भलतीच प्रजात. अक्षरं सारखी, नावं तीन.

इथे मला या सगळ्या कामातली खरी गोष्ट कळली. डीएनए नाव सांगत नाही. डीएनए एवढंच सांगतो की हा जीव त्या जिवासारखा आहे. नाव त्या दुसऱ्या जिवाला कुणीतरी, कधीतरी, डोळ्यांनी बघून, भिंगाखाली धरून दिलेलं असतं. त्याने चुकीचं दिलं असेल तर यंत्र ती चूक इमानाने माझ्यापर्यंत पोचवतं. माझ्या अळ्यांना नाव हवं असेल तर मला खात्रीने ओळखलेला भुंगेरा हवा होता, आणि त्या भुंगेऱ्याची अक्षरं.

डिसेंबर होता. भुंगेरे निघतात मे-जूनमध्ये. पण माळावरच्या हुमणीचं एक बरं आहे, तिचे कोष दिवाळीच्या सुमारास होतात आणि भुंगेरे तयार होऊन पावसाची वाट बघत जमिनीतच बसून राहतात. जानेवारीत आमच्या तुकड्याची तोड झाली. खोडवा ठेवण्यासारखं रान उरलंच नव्हतं, म्हणून आप्पांनी नांगरट घेतली. मी सुट्टी टाकून गेले. ट्रॅक्टरच्या मागे बगळे आणि साळुंक्या, त्यांच्यामध्ये मी. बगळ्यांच्या आधी पोचायचं एवढंच काम. दुपारपर्यंत नऊ भुंगेरे मिळाले, गर्द तपकिरी, थंडगार, पाय आखडून पडलेले. आप्पा एक तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. "हे तर निंबावरचं," ते म्हणाले.

तरी आप्पांच्या ओळखीवर थांबून चालणार नव्हतं. मॅडमच्या ओळखीतल्या एका निवृत्त कीटकशास्त्रज्ञ सरांकडे भुंगेरे घेऊन गेले. या गटातल्या प्रजाती वरून इतक्या सारख्या असतात की खात्री करायची तर नराचं जननेंद्रिय काढून बघावं लागतं, प्रत्येक प्रजातीत त्याचा आकार वेगळा. सरांनी भुंगेरा कोमट पाण्यात मऊ केला, सुईच्या टोकाचा आकडा करून तो भाग अलगद ओढून काढला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ केला आणि आकृतीशेजारी धरला. सगळ्याला तासभर. हात जराही हलला नाही. मी त्यांना विचारलं की हे शिकायला किती वर्षं लागली. "मोजली नाहीत. पण आता शिकायला कुणी येत नाही," ते म्हणाले. मी त्यानंतर पाच रविवार त्यांच्याकडे गेले, अजून जाते.

नाव निघालं होलोट्रॅकिया सेरॅटा. त्याच भुंगेऱ्याच्या पायातून काढलेली अक्षरं आणि पहिल्या गटातल्या अळ्यांची अक्षरं शेजारी ठेवली, तर ६५८ पैकी फार तर तीन ठिकाणी फरक होता, काहींमध्ये एकही नाही.

दुसऱ्या गटासाठी आमच्या विभागाचा जुना कप्पा धावून आला. त्यात फॉर्मेलिनच्या बरण्या होत्या, त्यांतून काहीच मिळालं नाही, अपेक्षाही नव्हती. पण एका लाकडी खोक्यात टाचणीला टोचलेले सुके भुंगेरे होते, त्यातला एक मोठा, अंगावर राखाडी खवले असलेला. खालच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात गावाचं नाव, तारीख आणि 'ल्युकोफोलिस लेपिडोफोरा'. चिठ्ठी लिहिणारे सर मी पाहिलेलेसुद्धा नाहीत. त्याचा मागचा एक पाय घेतला. सुक्या नमुन्यातून पूर्ण तुकडा आला नाही, चारशेच्या आसपास अक्षरं आली. तेवढी पुरली. दुसरा गट त्याच्याशी जुळला. सरांनी तोही भुंगेरा बघून नाव कायम केलं.

अठरांचा हिशेब असा निघाला, अकरा माळावरच्या, पाच नदीकाठच्या, दोन कुणाशीच न जुळणाऱ्या. आणि आमच्या नदीकडच्या तुकड्यातल्या सातपैकी पाच माळावरच्या होत्या.

तीन रानांतल्या अठरा अळ्यांवरून सगळ्या वारणाकाठाबद्दल बोलता येणार नाही, आणि प्रबंधात मी ते तसंच लिहिलं आहे. पण आमच्या रानापुरतं बोलता येत होतं. आप्पांना घरी येऊन सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पाच वर्सं निंब हलवायचं सोडलं ते वाया." मी म्हटलं, नदीकाठचीही आहे आप्पा, थोडी आहे. "असू दे. जी जास्त हाय तिचं बघू आधी." दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या काकांच्या बांधावर जाऊन बसले, कारण एकट्याने भुंगेरे वेचून उपयोग नसतो, शेजारच्या रानातले उडून येतातच. मे महिन्यात वळीव झाला त्या संध्याकाळी आमच्या आळीतली आठ-दहा माणसं बॅटऱ्या घेऊन बांधावर होती. तीन बादल्या भरल्या. मी त्यातले सहा रॉकेलमध्ये पडायच्या आधीच उचलून अल्कोहोलमध्ये टाकले, तारीख आणि झाडाचं नाव पेन्सिलने लिहून.

त्या दोन न जुळलेल्या अळ्यांचं काम अजून चालू आहे. डेटाबेसमधली सर्वांत जवळची नोंदसुद्धा त्यांच्यापासून दहा टक्क्यांहून लांब आहे, आणि फोटोत त्यांची चीर आडवी दिसते, म्हणजे त्या या दोन्ही हुमण्यांच्या उपकुळातल्या नाहीत. त्यांचे क्रम मी प्रजातीची जागा मोकळी ठेवूनच जमा केले. काकांच्या खोडव्यात याच ठेवणीच्या तीन जिवंत अळ्या पुन्हा सापडल्या, त्या आप्पांनी मातीच्या कुंडीत सोडल्यात, शेणखत आणि मक्याची कोवळी रोपं घालून. कुंडीवर मच्छरदाणीचं कापड बांधलंय. आप्पा एक दिवसाआड पाणी शिंपडतात आणि मला फोनवर सांगतात, माती हलली की नाही ते.